तीन दुकाने, तीन पहिले नंबर : किराणा दुकानाची उत्पादकता नेमकी कशी मोजावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही राहून गेले असेल तर ते तुमच्या लक्षात येईल. कऱ्हाड परिसरात तुमच्या कुटुंबाची तीन किराणा दुकाने आहेत. पेठेतले दुकान ९०० चौरस फुटांचे, जुने, स्वतःच्या जागेतले आणि काउंटरवरून माल देणारे आहे. कॉलनीतले दुकान १,८०० चौरस फुटांचे, सेल्फ सर्व्हिस पद्धतीचे आहे. बायपासजवळचे मार्ट ३,२०० चौरस फुटांचे आहे. करपूर्व मासिक विक्री अनुक्रमे २७ लाख, ३४ लाख आणि ४२ लाख रुपये आहे. चौरस फुटामागे विक्री काढली की पेठ पहिली आणि बायपास शेवटचे येते, म्हणून तुमचे हिशेबनीस बायपास सोडा म्हणतात. तुमचा मुलगा म्हणतो की ढोबळ नफा सर्वांत जास्त बायपासला आहे, तेव्हा पेठेतले दुकान बंद करून जागा भाड्याने द्यावी. दोघांपैकी कोणाचे मोजमाप बरोबर, डीमार्टचा चौरस फुटाचा आकडा आपल्यासाठी उद्दिष्ट म्हणून ठेवावा का, आणि तुम्ही वाचलेली डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस ही, अनेक साधने एकत्र धरून कार्यक्षमता तोलणारी गणिती पद्धत इथे उपयोगी पडेल का, असे तुम्ही विचारले आहे.

माझ्या मते खरा प्रश्न सूत्राचा नाही, निर्णयाचा आहे. दुकान ठेवायचे की बंद करायचे हा एक निर्णय, दुकानाचा व्यवस्थापक नीट काम करतो आहे का हा दुसरा, आणि पुढची दहा लाखांची गुंतवणूक कुठे घालायची हा तिसरा. या तिन्हींना वेगवेगळी मोजमापे लागतात. किराणा व्यवसायात होणारे बरेचसे वाद एका निर्णयासाठी काढलेला आकडा दुसऱ्या निर्णयासाठी वापरल्यामुळे होतात, असा माझा अनुभव आहे. पेठेतली वर्दळ पेठेच्या व्यवस्थापकाने निर्माण केलेली नाही आणि बायपासला संध्याकाळी सातनंतर पायी गिऱ्हाईक येत नाही हा तिथल्या व्यवस्थापकाचा दोष नाही. जागेचे श्रेय किंवा खापर माणसाच्या माथी मारले की मोजमाप तिथेच बिघडते.

सुरुवात अंशापासून करू, म्हणजे भागाकारात वर काय ठेवायचे ते ठरवू. दुकान माल तयार करत नाही. तो निवडून, आणून, मांडून, हव्या त्या वेळी हव्या तेवढ्या मापात गिऱ्हाइकाच्या हाती देणे ही त्याची सेवा असते आणि त्या सेवेचा मोबदला म्हणजे ढोबळ नफा, म्हणजेच विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा जाता उरते ती रक्कम. साखरेचे पोते विकले की विक्री हजारांनी वाढते, पण त्यात तुमच्या कष्टाचे मोल फार थोडे असते; तेवढ्याच रकमेचे मसाले, सुका मेवा आणि साबण विकले तर ते कितीतरी जास्त असते. म्हणून मी वर विक्री न ठेवता ढोबळ नफा ठेवतो. मात्र तो खरा हवा. कंपनीची स्कीम, रॅकच्या टोकाला माल लावण्याबद्दल मिळणारे पैसे आणि बारदानाच्या विक्रीचे पैसे त्यात मिळवले पाहिजेत. मुदत संपलेला आणि परत न गेलेला माल, सुट्या धान्यातली सूट-घट, फुटलेल्या बाटल्या आणि मोजणीत कमी भरलेला माल त्यातून वजा केला पाहिजे. संगणकात दिसणारा मार्जिन आणि प्रत्यक्ष मालमोजणीनंतर उरणारा मार्जिन यांत एक-दीड टक्क्याचा फरक निघणे मुळीच दुर्मीळ नाही, आणि किराण्यात दीड टक्का म्हणजे कधी कधी सगळा निव्वळ नफा असतो.

तुम्ही दिलेले मार्जिन, म्हणजे विक्रीच्या शेकड्यामागे ढोबळ नफा, पेठेत ९ टक्के, कॉलनीत १४ आणि बायपासला १६.५ टक्के असे आहेत. म्हणजे महिन्याचा ढोबळ नफा अनुक्रमे २.४३ लाख, ४.७६ लाख आणि ६.९३ लाख. आता चौरस फुटामागे पाहा. विक्रीत पेठ ३,००० रुपये, कॉलनी सुमारे १,८९० आणि बायपास १,३१० असे मोठे अंतर होते. ढोबळ नफ्यात तेच आकडे २७०, २६४ आणि २१७ असे होतात. पेठेची आघाडी कॉलनीपुढे जवळपास संपली. पुढे जाऊन त्या-त्या ठिकाणचे भाडे वजा केले तर चित्र आणखी बदलते. कॉलनीत तुम्ही ४५ रुपये आणि बायपासला २८ रुपये दर देता. पेठेतली जागा स्वतःची म्हणून तुमच्या वहीत भाडे शून्य आहे, पण शेजारचा कापड दुकानदार १०० रुपये दराने भाडे देतो असे तुम्हीच लिहिले आहे, तेव्हा पेठेलाही तोच दर लावणे न्याय्य आहे. उरते पेठेत १७०, कॉलनीत २१९ आणि बायपासला १८९. विक्रीत पहिले आलेले दुकान इथे शेवटचे झाले. क्षेत्रफळ धरताना फक्त गिऱ्हाईक वावरते ती जागा धरायची की माळा आणि मागची गोदामाची खोलीही धरायची, हे मात्र तिन्ही ठिकाणी एकसारखे ठरवा. पेठेतल्या माळ्यावर ठेवलेली तेलाच्या डब्यांची थप्पी तुमच्या ९०० फुटांत आहे की नाही, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही.

मनुष्यबळ मोजताना माणसे न मोजता तास मोजावेत. अर्धा दिवस येणारी बाई आणि बारा तास थांबणारा पोऱ्या यांना एकेक धरणे बरोबर नाही. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे दहा तास धरले तर कॉलनीतल्या ११ जणांचे २,८६० तास आणि बायपासच्या १२ जणांचे ३,१२० तास होतात. पेठेत पगारपत्रकावर पाचच जण आहेत, पण तुम्ही आणि तुमचे वडील मिळून सात होतात. पाच धरले तर तासाला १८७ रुपये ढोबळ नफा दिसतो आणि पेठ कॉलनीच्या १६६ रुपयांपुढे जाते. सात धरले तर तो १३४ रुपयांवर येतो आणि पेठ मागे पडते. बायपास २२२ रुपयांवर दोन्ही वेळा पहिलेच राहते. घरच्या माणसांचे कष्ट न मोजण्याची सवय आपल्याकडे खोलवर मुरलेली आहे, आणि कौटुंबिक किराणा दुकाने कागदावर जितकी कार्यक्षम दिसतात त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

तरीही या तासांच्या तुलनेत एक मेख आहे. पेठेत तुमची माणसे डाळ तोलतात, पुडी बांधतात, यादी वाचून माल काढतात, फोनवर आलेली ऑर्डर घरी पोचवतात. बायपासला हेच काम गिऱ्हाईक ट्रॉली ढकलत स्वतः करते. अमेरिकेत मेम्फिस इथे क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी १९१६ साली पिगली विगली हे स्वतः माल घेण्याचे दुकान सुरू केले, तेव्हापासून किराण्याची श्रम-उत्पादकता जी वाढली तिच्यातला चांगला मोठा हिस्सा कामगारांच्या खांद्यावरून गिऱ्हाइकाच्या खांद्यावर गेलेल्या कामाचा आहे. त्यामुळे काउंटरचे दुकान आणि सेल्फ सर्व्हिस दुकान यांची तासामागची तुलना करून पेठेतली माणसे आळशी ठरवू नका. कॉलनी आणि बायपास यांची तुलना करा. ती एका जातीची दुकाने आहेत.

तिसरे साधन म्हणजे अडकलेला पैसा, आणि किराणा दुकानदाराला बहुतेक वेळा याचीच खरी चणचण असते. खरेदीच्या किमतीला धरलेला तुमचा साठा पेठेत २२ लाख, कॉलनीत ३० लाख आणि बायपासला ५८ लाख आहे. वर्षभराचा ढोबळ नफा साठ्याने भागला तर रुपयामागे पेठ १.३३, कॉलनी १.९० आणि बायपास १.४३ रुपये कमावते. पेठेत खातेदारांकडे सहा लाखांची उधारी आहे. तीही गुंतवणूकच असल्यामुळे भाजकात घेतली तर पेठ १.०४ वर येते.

पेठेत थोडे आत शिरून पाहण्यासारखे आहे. तिथल्या २७ लाखांपैकी सुमारे ११ लाखांचा माल हॉटेले आणि खानावळी उचलतात, आणि उधारी जवळजवळ सगळी त्यांचीच आहे. तेलाचे डबे, साखर, मैदा, रवा अशा मालावर चार टक्के सुटत असतील असे धरू, म्हणजे ४४ हजार रुपये. मग उरलेल्या १६ लाखांच्या किरकोळ विक्रीवर १.९९ लाख रुपये, म्हणजे सव्वाबारा टक्क्यांहून थोडे अधिक मार्जिन आहे, जे काउंटरच्या दुकानाला चांगले म्हटले पाहिजे. हॉटेलांसाठीचा साठा अंदाजे सात लाख आणि उधारी सहा लाख धरली, तर तेरा लाखांवर वर्षाला ५.२८ लाख, म्हणजे रुपयामागे ४१ पैसे मिळतात. किरकोळीत पंधरा लाखांवर २३.८८ लाख, म्हणजे १.५९ रुपये. एका छपराखाली दोन धंदे चालले आहेत आणि तुम्ही त्यांची सरासरी पाहत आहात. हॉटेलाचा धंदा तोट्याचा आहे असे यावरून ठरत नाही, कारण व्याज जाऊन त्यात काही उरते. पण पेठेची चौरस फुटाची विक्री जी डोळ्यांत भरते ती बरीचशी या पोत्यांनी आणि डब्यांनी फुगवलेली आहे.

इथवर आलेले एकत्र पाहू: जागेमागे ढोबळ नफ्यात पेठ पहिली, तासामागे बायपास पहिले, साठ्यामागे कॉलनी पहिली. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस ही पद्धत चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी १९७८ मध्ये मांडली, आणि तिचे मूळ फॅरेल यांच्या १९५७ च्या लेखात आहे. ती मुळात शाळांसारख्या, नफ्यावर न चालणाऱ्या संस्थांची तुलना करण्यासाठी घडवली गेली. अनेक साधने आणि अनेक फळे एकत्र घेऊन ती सर्वोत्तम संस्थांची एक सीमारेषा आखते आणि बाकीच्या तिच्यापासून किती दूर आहेत ते सांगते. प्रत्येक संस्थेला स्वतःला सर्वांत सोयीचे वजन निवडण्याची तिच्यात मुभा असते. त्यामुळे जागा, तास आणि साठा ही तीन साधने आणि ढोबळ नफा हे फळ घेऊन तुमची तीन दुकाने त्या पद्धतीत घातली, तर तिन्ही दुकाने शंभर टक्के कार्यक्षम निघतील, कारण प्रत्येक दुकान एकेका साधनात पहिले आहे. उत्तर गणिताने चूक नसेल, पण त्याचा उपयोग शून्य असेल. साधने आणि फळे यांच्या एकूण संख्येच्या निदान तिप्पट दुकाने असावीत असा या क्षेत्रातला ढोबळ संकेत आहे, म्हणजे इथे बारा. तीस-चाळीस शाखांच्या साखळीत मी ही पद्धत आनंदाने वापरीन. तीन दुकानांना कागद-पेन्सिल पुरते.

डीमार्टचा आकडा उद्दिष्ट म्हणून घेऊ नये, असे मी स्पष्टच सांगतो. २०२४-२५ मध्ये त्यांची विक्री चौरस फुटामागे वर्षाला सुमारे ३५,७०० रुपये होती. तुमच्या पेठेची विक्री वर्षाला ३६,००० रुपये पडते, म्हणजे तुम्ही त्यांच्या पुढे आहात, आणि तरीही पेठेच्या हिशेबात काय दडले आहे ते आपण वर पाहिले. त्यांच्या एका दुकानाचे सरासरी क्षेत्र ४० हजार चौरस फुटांहून अधिक आहे, बहुतेक जागा स्वतःच्या आहेत, आणि विक्रीचा पाचव्या हिश्शाहून मोठा भाग कपडे, भांडी, प्लास्टिकच्या वस्तू अशा जास्त मार्जिनच्या मालाचा आहे. त्यांच्याकडून शिकायचे असेल तर मालाची निवड मर्यादित ठेवण्याची शिस्त शिका.

स्वतःचीच मागच्या वर्षाशी तुलना करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली भाववाढ. १४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोयाबीन आणि सूर्यफूल तेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्के झाले, आणि २०२५ च्या मेअखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. तेलाचा डबा १,८०० चा २,१०० झाला आणि तुम्ही तितकेच डबे विकले, तर विक्री सोळा-सतरा टक्के वाढलेली दिसेल, पण एकही जास्तीचा डबा उचलला गेलेला नसेल. दुसरी कराची. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरील जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला. शंभर रुपये मूळ किमतीची वस्तू आधी ११८ ला जात होती ती १०५ ला जाऊ लागली. करासह विक्री पाहणाऱ्या दुकानदाराला त्या मालात अकरा टक्क्यांची घसरण दिसली आणि काहींनी ती सेल्समनच्या डोक्यावर फोडली. म्हणून नेहमी करपूर्व विक्री घ्यावी. शिवाय नेहमी खपणाऱ्या साठ-सत्तर वस्तूंची एक यादी करून, गेल्या वर्षी त्या महिन्यात खपलेल्या नगांना या वर्षीचे भाव लावून पाहावे; आलेली रक्कम गेल्या वर्षीच्या रकमेपेक्षा जितकी जास्त, तितकी तुमच्या दुकानापुरती भाववाढ. ती काढून उरते ती खरी वाढ.

तिसरी गोष्ट सणांची, आणि ती परदेशी पुस्तकांत सापडत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. फराळाच्या किराण्याची खरेदी आधीच्या दहा-बारा दिवसांत होते, त्यामुळे इंग्रजी महिन्यांची तुलना केली तर २०२३ पेक्षा २०२४ चा ऑक्टोबर भरभरून वाहिलेला दिसेल आणि नोव्हेंबर कोसळलेला. गणेश चतुर्थीही २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला आली. श्रावण ते दिवाळी हा सगळा काळ एकच गठ्ठा धरून वर्षाची तुलना करावी. महिन्याची करायचीच असेल तर दिवाळीच्या आधीचे तीस दिवस विरुद्ध दिवाळीच्या आधीचे तीस दिवस अशी करावी.

व्यवस्थापकाचे मोजमाप यापासून पूर्ण वेगळे ठेवा. त्याच्या हातात असलेल्या गोष्टी चार: रॅकवर माल आहे का, माणसे गर्दीच्या वेळी जागेवर आहेत का, घट किती, आणि पडून राहिलेला माल किती. पहिल्यासाठी मी शंभर वस्तूंची यादी देतो आणि आठवड्यातून दोनदा, संध्याकाळी सहा वाजता, दुसऱ्या दुकानातल्या माणसाकडून ती रॅकसमोर उभे राहून तपासून घेतो. संगणकात साठा दिसतो आणि रॅकवर वस्तू नसते, ती मागच्या खोलीत खोक्यातच असते, हे इतक्या वेळा आढळते की संगणकाच्या अहवालावर मी विसंबत नाही. दुसऱ्यासाठी तासवार बिलांची संख्या काढा. पगाराच्या आठवड्यात संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत एका काउंटरवर तासाला किती बिले होतात आणि महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी किती, हे शेजारीशेजारी ठेवले की ड्युटी कशी लावायची ते आपोआप दिसते. माणसे कमी करण्याआधी त्यांच्या वेळा बदलून पाहाव्यात. दुपारी दोन ते पाच या वेळेत बायपासला सहा जण कशासाठी लागतात, हा प्रश्न मी तुमच्या जागी पहिला विचारला असता.

आता निर्णयाकडे येतो. बायपास बंद करण्याला आकड्यांत काहीच आधार नाही. त्याचा दोष साठ्यात आहे. विक्री होणाऱ्या मालाची खरेदी किंमत महिन्याला सुमारे ३५ लाख आहे आणि साठा ५८ लाखांचा, म्हणजे जवळपास ५० दिवसांचा. कॉलनीत तो ३१ दिवसांचा आहे. मोठी जागा भरलेली दिसावी म्हणून माल भरला गेला असावा. तो ३८ दिवसांवर आणला तर साडेतेरा लाख रुपये मोकळे होतात आणि रुपयामागे कमाई १.४३ वरून १.८७ वर जाते, विक्रीत एका रुपयाची वाढ न करता. सहा महिन्यांत एकदाही न हललेल्या वस्तूंची यादी आधी काढा. डिस्ट्रिब्युटर परत घेईल ते परत करा, उरलेले पेठेतल्या दुकानात विकून संपवा.

पेठेचा निर्णय परिस्थितीवर जास्त अवलंबून आहे. पगार आणि वीज तुम्ही कळवलेली नाही. मी महिन्याला ८५ हजार धरतो. २.४३ लाखांतून ते, जागा भाड्याने न दिल्यामुळे बुडणारे ९० हजार भाडे आणि साठा व उधारी मिळून अडकलेल्या २८ लाखांवरचे वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याचे २८ हजार व्याज वजा केले तर ४० हजार उरतात, आणि ती तुम्हा दोघा पितापुत्रांच्या पूर्ण वेळेची कमाई आहे. इथे तुमच्या मुलाचे म्हणणे मला निम्मे पटते. तुम्ही स्वतः बायपासला बसून खरेदी सांभाळलीत तर तुमच्या वेळेचे मोल याहून नक्कीच जास्त आहे. वडिलांचे तसे नाही. त्यांना गादीवरून उठवून घरी बसवल्याने त्यांचा वेळ दुसरीकडे काही कमावणार नाही, आणि पेठेतली जुनी खाती त्यांच्याच ओळखीवर टिकलेली असतील. शिवाय दुकान बंद झाल्यावर त्यातले किती गिऱ्हाईक तुमच्याच कॉलनीच्या दुकानात येईल आणि किती समोरच्या दुकानात जाईल, यावर सगळा हिशेब फिरतो.

म्हणून बंद करण्याआधी एक प्रयोग करावा. हॉटेलांचे ११ लाखांचे खाते पेठेतून काढून बायपासच्या मागच्या जागेतून टेम्पोने पाठवा, त्याची वही वेगळी ठेवा, पंधरा दिवसांपलीकडे उधारी जाऊ देऊ नका. पेठेत फक्त किरकोळ ठेवा, तुम्ही तिथून बाहेर पडा आणि एक भरवशाचा माणूस वडिलांच्या हाताखाली द्या. हे श्रावणापूर्वी सुरू केले तर दिवाळीपर्यंतचा सगळा हंगाम त्यात येईल. दिवाळीनंतर पूर्ण मालमोजणी करून तिन्ही दुकानांचा आणि चौथ्या, हॉटेलांच्या वहीचा ढोबळ नफा जागा, तास आणि अडकलेला पैसा यांनी पुन्हा भागा. त्या वेळी पेठेची किरकोळ विक्री भाडे आणि व्याज जाऊन नव्या माणसाचा पगार भागवत नसेल, तर मुलाचे ऐका आणि जागा भाड्याने द्या.